रिसीव्हमध्ये हूल चालत नाही म्हणे!

टेबल टेनिसच्या (टीटीच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. लिहिला कोणी ते माहीत नाही, पण पुढे ढकलणाऱ्यांत कोच आहेत, मुलांचे पालक आहेत आणि रविवारी सकाळी जिमखान्यात घाम गाळणारी मंडळीही आहेत. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : टेबल टेनिसमध्ये फसवायचा हक्क सर्व्हिस करणाऱ्याचा. रिसीव्ह करणाऱ्याने, म्हणजे ती सर्व्हिस परतवणाऱ्याने, स्पिन (चेंडूची फिरकी) ओळखावा, चेंडू सुरक्षित परत टाकावा आणि रॅलीची वाट बघावी. रिसीव्ह करताना चकवायला गेलात की पॉइंट गेलाच म्हणून समजा. खाली कारणांची यादी दिलेली आहे. ती क्रमानेच घेतो, कारण त्यातली काही कारणं अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच लोकांना पटतात.

"रिसीव्हला वेळच नसतो, फसवणार कधी?"

कोणत्या सर्व्हिसला? लांब आणि वेगवान सर्व्हिस थेट कोपरावर आली तर खरंच वेळ नसतो. तिथे नीट बॅट लावून चेंडू टेबलावर ठेवला तरी पुष्कळ झालं. पण स्पर्धेत बऱ्याचशा सर्व्हिस आखूड असतात, म्हणजे सोडून दिल्या तर आपल्या बाजूला दोन टप्पे पडतील अशा. 15.25 सेंटिमीटरच्या नेटवरून येऊन आपल्या अर्ध्या टेबलावर, जेमतेम 1.37 मीटरमध्ये, दोनदा टप्पा पडायचा तर चेंडू हळूच यावा लागतो. आपल्याला जोरात मारता येऊ नये म्हणून सर्व्हिस करणारा चेंडूचा वेग काढून घेतो, आणि तो वेळ आयता आपल्या पदरात पडतो.

अडचण अशी की बहुतेक जण तो वेळ चुकीच्या जागी खर्च करतात. स्पिन कोणता आहे याचा विचार करत मागेच उभे राहतात, मग घाईघाईने पुढे झेपावतात आणि हात लांब करून कसाबसा पुश करतात, म्हणजे चेंडू खालून घासत पुढे ढकलतात. अशा पुशमध्ये हूल कसली, साधी प्लेसमेंटही जमत नाही. उलट करून बघा. पाय लवकर टेबलाखाली टाका (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फोरहँडला उजवा पाय), बॅट चेंडूच्या मागे आणून ठेवा आणि क्षणभर थांबा. त्या थांबण्यातच सगळी मेख आहे. बॅट तयार दिसते आहे, पण चेंडू अजून निघालेला नाही, तोवर समोरच्याला हलता येत नाही. हलला तर त्याची जागा आपल्याला दिसते.

"चांगला खेळाडू चेंडूकडे बघतो, बॅटकडे नाही. त्याला फसवता येत नाही."

यादीतलं सर्वांत चुकीचं वाक्य हेच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सर्व्हिस करणारा सर्व्हिस करून मोकळा होत नाही. त्याचा सगळा डाव पुढच्या फटक्यावर, म्हणजे थर्ड बॉलवर बेतलेला असतो. त्या फटक्यासाठी त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : चेंडू लांब येणार की आखूड, कोणत्या बाजूला येणार, आणि त्यावर स्पिन किती असणार. चेंडू नेट ओलांडेपर्यंत वाट बघितली तर बॅकहँडच्या कोपऱ्यात वळून फोरहँड मारायला पाय पोचत नाहीत. म्हणून तो आधीच अंदाज बांधतो, आणि अंदाज बांधायला त्याच्यापाशी काय असतं? आपल्या बॅटचा कोन, मनगट, खांदा, पाऊल. चांगला खेळाडू म्हणजे हे सगळं लवकर वाचणारा. जो लवकर वाचतो त्यालाच चुकीचं वाचायला देता येतं. नवशिक्याला हूल देऊन बघा, काही उपयोग होत नाही, कारण तो आपल्या बॅटकडे बघतच नाही. चेंडू आला की मारतो.

एक पॉइंट सावकाश बघू. 9-9. दोघेही उजव्या हाताचे. सर्व्हिस आखूड, बॅकस्पिन (उलटी फिरकी, बॅटला लागला की चेंडू खाली जातो), आपल्या फोरहँडकडे. सर्व्हिस करणाऱ्याला हवं आहे की आपण घाबरून त्याच्या बॅकहँडला लांब पुश करावा. तो डावीकडे सरकून फोरहँडने जोरदार टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) मारायच्या तयारीत आहे. आपला उजवा पाय आत गेला. बॅट उघडी (तोंड थोडं वर), रोख सरळ लाइनवर, म्हणजे त्याच्या बॅकहँडकडे, टोक किंचित खाली. त्याला हवा तोच पुश त्याला दिसतो आहे. त्याचं वजन डाव्या पायावर जायला लागतं. चेंडू टप्पा घेऊन वर येतो आहे. शेवटच्या क्षणी मनगट आत वळतं, बॅट चेंडूच्या बाहेरच्या, उजव्या अंगाला हलकेच लागते आणि चेंडू क्रॉस, म्हणजे तिरका, त्याच्या फोरहँडला, नेटजवळ आखूड पडतो. विशेष काही घडलेलं नाही. चेंडूचा वेग नगण्य आहे, पॉइंट अजून चालूच आहे. पण तो एका पायावर उभा आहे, टेबलावर झुकून पोचायला त्याला अर्धं पाऊल उशीर झाला आहे, आणि तिथून तो जेमतेम वर उचलतो. चौथा फटका आपला.

"चकवायला गेलात की पॉइंट घालवाल" म्हणणाऱ्यांच्या डोक्यात चकवा म्हणजे डोळ्यांचं पारणं फेडणारा विनर असतो. रिसीव्हवरचा चकवा बहुतेक वेळा असा दिसतो : समोरच्याचं अर्धं पाऊल चुकतं, बस.

आणि मोठे खेळाडू फसत नाहीत म्हणणाऱ्यांनी स्वीडनच्या यान-ओव्हे वाल्डनरकडे बघावं. 1992च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये एकेरीचं सुवर्ण, 1989 आणि 1997मध्ये जगज्जेता. पण मला त्याहून जास्त बोलकं वाटतं ते 2004चं अथेन्स. वयाच्या 38व्या वर्षी हा माणूस चीनचा मा लिन आणि जर्मनीचा टिमो बोल यांना हरवून उपांत्य फेरीत गेला. पायांचा वेग त्या दोघांचा जास्त होता याबद्दल कोणी वाद घालणार नाही. एकाच तयारीतून दोन-तीन वेगळे फटके निघण्याची सोय वाल्डनरकडे होती आणि समोरच्यांना शेवटपर्यंत थांबावं लागत होतं. तो ज्या मा लिनला हरवून पुढे गेला, तोही आखूड टचचा (चेंडू हलकेच नेटजवळ टाकण्याचा) उस्ताद होता आणि चार वर्षांनी बीजिंगमध्ये ऑलिंपिक विजेता झाला.

"स्पिनमध्ये फसवता येतं ते सर्व्हिसमध्येच."

पुशमध्येही येतं, आणि तेही फार सोप्या रीतीने. बॅट मनगटातून फिरते तेव्हा टोकाकडचा भाग जास्त वेगाने जातो, मुठीजवळचा कमी. तीच हालचाल ठेवून चेंडू टोकाजवळ बारीक घासला तर जड बॅकस्पिन. मुठीजवळ घेतला आणि घासण्याऐवजी नुसता पुढे ढकलला तर जवळजवळ नो स्पिन. नो स्पिन देताना फटक्यानंतर बॅट जरा जास्तच पुढे, जोरात घासल्यासारखी न्यायची. समोरचा जड पुश समजून जीव तोडून उचलतो आणि चेंडू टेबलाबाहेर. पुढच्या वेळी जड द्या, तो हलकेच उचलेल आणि नेटमध्ये घालेल.

धोका आहेच. नो स्पिन पुश जरा उंच गेला आणि समोरच्याने ओळखला तर स्मॅश खावा लागतो. म्हणून तो लांब, शेवटच्या रेषेजवळ पडायला हवा. मधोमध पडलेला नो स्पिन पुश म्हणजे निव्वळ दानधर्म.

"मुलांना आधी सुरक्षित पुश शिकवा, हूल मोठेपणी."

पालकांना हा मुद्दा फार आवडतो. पण मूल वर्षानुवर्षं एकच पुश, एकाच कोनातून, एकाच जागी टाकत राहिलं की ते त्याच्या मनगटात मुरतं. बारा-तेराव्या वर्षी जिल्हा स्पर्धेत समोरचा मुलगा दुसऱ्या गेमपर्यंत ते ओळखतो आणि मग हाच "सुरक्षित" पुश उभा राहून मारतो. चेंडू आत पडला म्हणजे सुरक्षित, हा हिशोब फक्त स्कोअरशीट लिहिणाऱ्याचा.

शिकवायला अवघडही नाही. कोच आखूड सर्व्हिस करतो, आणि आपल्या बाजूला टप्पा पडल्यावरच "लांब" किंवा "आखूड" असं ओरडतो. तोवर मुलाला बॅट कुठेच झुकवता येत नाही, दोन्ही वाटा मोकळ्या ठेवून थांबावं लागतं. सुरुवातीला चेंडू नेटमध्ये जातील, पालक बाकावरून चुळबुळतील. जाऊ द्यावेत. "हूल शिकवतो" असं मुलांना सांगायचीही गरज नाही, सांगितलं की ती खांदे उडवून नाटकं करायला लागतात. उशिरा ठरवायला शिकवायचं, पुढचं आपोआप येतं.

"ही तर लबाडी झाली."

कबड्डीत चढाईपटू डावीकडे हूल देऊन उजव्या कोपऱ्यातला गडी टिपतो तेव्हा कोणी पंचांकडे तक्रार करत नाही. पण भावना बाजूला ठेवून नियम बघू. सर्व्हिस करणाऱ्यावर बंधनं आहेत : उघड्या तळहातावर चेंडू, किमान 16 सेंटिमीटर जवळजवळ सरळ वर टॉस, आणि 2002पासून सर्व्हिसच्या सुरुवातीपासून चेंडू बॅटला लागेपर्यंत रिसीव्ह करणाऱ्याला तो दिसत राहिला पाहिजे. मोकळा हात मध्ये आणता येत नाही. रॅलीतल्या फटक्यांवर असं कोणतंही बंधन नाही, रिसीव्हवरही नाही. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचं वेगवेगळं रबर लावून फसवण्याचा प्रकार पूर्वी चालायचा, तो 1980च्या दशकात दोन वेगळे रंग सक्तीचे करून बंद केला. म्हणजे समोरच्याला ओळखायची संधीच मिळत नाही अशा फसवणुकीला नियमांनी चाप लावला. जी डोळे उघडे ठेवून वाचता येते, तिला मोकळीक दिली. उलट सर्व्हिस लपवण्यावर बंधन आल्यावर रिसीव्ह करणाऱ्याला स्पिन लवकर दिसायला लागला, त्यामुळे पुढे काय करायचं हे ठरवायला त्याला जास्त अवधी मिळाला.

"त्यासाठी लाँग पिंपल किंवा अँटीस्पिन लागतं."

लाँग पिंपल म्हणजे लांब दाण्यांचं रबर, अँटीस्पिन म्हणजे चेंडूला पकड न देणारं गुळगुळीत रबर. भारताच्या मनिका बत्राची बॅट बघून हा समज पक्का झाला असावा. 2018च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्ण मिळवलं तेव्हापासून आपल्याकडच्या क्लबांत लाँग पिंपलची फॅशन आली. फेब्रुवारी 2024मध्ये बुसानच्या सांघिक जागतिक स्पर्धेत भारताच्या ऐहिका मुखर्जीने अँटीस्पिन रबराने चीनच्या सुन यिंगशाला हरवलं आणि त्यात भर पडली. या रबरांचं काम वेगळं आहे. बॅकस्पिनची सर्व्हिस लाँग पिंपलवर नुसती ढकलली तरी जवळजवळ नो स्पिन किंवा थोडा टॉपस्पिन होऊन जाते. समोरच्याला गोंधळवतं ते रबर. पण रंग दिसतो, आणि सरावलेल्या खेळाडूला काय येणार हे माहीत असतं. मनिकाचा खरा चकवा रॅली चालू असताना बॅट फिरवून बाजू बदलण्यात आहे, आणि तो हाताचा आहे. वाल्डनर आणि मा लिन नेहमीच्या, बाहेर दाणे नसलेल्या आणि चेंडूला पकड देणाऱ्या रबराने खेळले.

बॅटच्या साहित्याने जग फसल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईत घडलं, हे जाता जाता. 1952ची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर सगळे पिंपल रबरावर चेंडू लागल्याचा आवाज ऐकून फटका ओळखायचे. स्पंजवर आवाजच येत नव्हता. सातो एकेरीचा विजेता ठरला. पुढे सगळ्यांना त्या बॅटची सवय झाली आणि ती जादू ओसरली. बॅटीच्या चकव्याचं हे असंच असतं.

"आता बनाना फ्लिकचा जमाना आहे, आणि चेंडूही प्लास्टिकचा."

बनाना फ्लिक, म्हणजे आखूड चेंडूवर कोपर उचलून, मनगट वळवून बॅकहँडने मारलेला फिरकीचा फटका, चेक खेळाडू पेत्र कोर्बेलने गाजवला, आणि 2011चं जागतिक आणि 2012चं ऑलिंपिक विजेतेपद मिळवणाऱ्या चीनच्या झांग जिकेने तो घराघरात नेला. आता शाळकरी मुलंही आखूड सर्व्हिसवर बॅकहँडने तोच मारतात. त्यामुळे कोपर वर उचललं की बनाना येणार, हे समोरचा गृहीत धरतो आणि दोन पावलं मागे सरकतो. म्हणजे कोपर उचलून चेंडू हलकेच नेटमागे सोडायला याहून चांगली वेळ नाही. तेच कोपर, तीच तयारी, पण बनानाच्या उलट बाजूला वळणारा स्ट्रॉबेरी फ्लिक मारला तरी समोरचा हात चुकीच्या बाजूला लांबवतो. बनाना सगळ्यांना येतो, म्हणून तर त्याची नक्कल उपयोगी.

चेंडूबद्दल म्हणाल तर 2000मध्ये 38 मिलिमीटरचा चेंडू 40चा झाला, 2014पासून प्लास्टिक आलं, स्पिन कमी झाला, हे खरं. त्यामुळे नुसत्या जड स्पिनने पॉइंट मिळणं अवघड झालं आणि लांबी व दिशा यांतल्या चकव्याचं वजन वाढलं. मेसेजवाल्याने याच बदलातून बरोब्बर उलटा अर्थ काढला आहे.

"डबल्समध्ये तर विसराच."

डबल्समध्ये सर्व्हिस उजव्या अर्ध्यातून तिरकी समोरच्याच्या उजव्या अर्ध्यातच पडावी लागते, म्हणजे आपल्याला अर्धं टेबल आधीच माहीत. आणि थर्ड बॉल सर्व्हिस करणारा मारत नाही, त्याचा जोडीदार मारतो. तो मागे उभा असतो, पुढ्यात बाजूला होणारा सर्व्हिस करणारा असतो आणि त्याच्या आडून त्याला आपली बॅट वाचायची असते. रिसीव्हवर हूल द्यायला याहून सोयीची जागा एकेरीत मिळत नाही.