थरथर नाही म्हणून ‘वय झालंय’ म्हणू नका

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘हात थरथरला तरच पार्किन्सन, नाहीतर म्हातारपण. शंका असेल तर सिंडोपा (पार्किन्सनवरची गोळी) घेऊन बघा. एमआरआय चांगला आला की निर्धास्त राहा.’ तिन्ही वाक्यं चूक आहेत, मधलं तर धोक्याचं.

खुद्द पार्किन्सनच्याही बऱ्याच रुग्णांना थरथर नसते. त्याच्यासारखे दिसणारे पण वेगळे असे काही आजार आहेत, त्यांत तर ती आणखी कमी. १९६४ मध्ये वर्णन झालेला पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी) हा मेंदूचा आजार घ्या. माणूस पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडायला लागतो, तेही बहुधा मागच्या मागे. मग डोळे खाली वळेनात. जोत्याची पायरी चुकते, ताटातली आमटी शर्टावर सांडते, आणि घरचे मोतीबिंदू समजून चष्म्याचा नंबर बदलत बसतात! बेळगावच्या डॉक्टरांना कन्नडात सांगा नाहीतर मराठीत, पण कधीपासून पडतात आणि कुठल्या बाजूला, हे आधी सांगा.

आता गोळी. सिंडोपातल्या लेव्होडोपाने फरक पडला नाही म्हणजे आजारच नाही, हा तर्क उलटा आहे. पुरेसा डोस देऊनही फरक न पडणं हीच वेगळ्या आजाराची खूण असू शकते. एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी) या अशाच दुसऱ्या आजारात उभं राहिल्यावर बीपी घसरतं, या गोळीने ते आणखी घसरू शकतं. आडवं असताना बीपी मोजायचं, मग उभं करून तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर लक्ष द्यायला हवं. हे गावच्या दवाखान्यातही होतं. खाजकुयलीच्या पावडरीतही लेव्होडोपाच असतो, तेव्हा ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून तीही मनाने देऊ नका.

आजार असूनही एमआरआय सुरुवातीला चांगला येऊ शकतो. एवढं पुरे.

मजकुरात नाही ते मात्र महत्त्वाचं. चक्करेची सिनारिझिन, गॅसच्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड महिनोन्महिने चालू असलं तर त्यानेही पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. डॉक्टरांनी ते बंद केल्यावर पुष्कळांची हळूहळू उतरतात. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. ‘घरात माणसं दिसतात’ म्हणणाऱ्याला बाहेरचं लागलंय समजून देवऋष्याकडे नेऊ नका. लेवी बॉडी या स्मृतिभ्रंशाच्या आजारात असं दिसतं, आणि तिथे भासांवर दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं. चालतानाचा, वळतानाचा व्हिडिओ काढा. रात्री शेजारी झोपणारं माणूसही सोबत न्या. झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, हे डॉक्टरांना कळायला हवं, आणि पेशंटला स्वतःला ते ठाऊक नसतं.