हँडिकॅप चोवीसच्या खाली येऊ न देण्याचे उपाय

रविवारच्या गोल्फ टूर्नामेंटमध्ये चोवीस हँडिकॅपचे (म्हणजे कच्चे खेळाडू म्हणून चोवीस स्ट्रोकची, फटक्यांची, सूट मिळणारे) एक गृहस्थ स्टेबलफोर्डमध्ये (प्रत्येक होलला पॉइंट, जास्त पॉइंटवाला जिंकतो) ४६ पॉइंट घेऊन जिंकले. हँडिकॅपप्रमाणे खेळलं की ३६ होतात, त्यावर हे दहा. बक्षिसाचा एअर फ्रायर घेताना म्हणाले "आज पट नुसते पडत होते हो" (पट म्हणजे ग्रीनवर बॉल होलमध्ये ढकलायचा फटका), आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी त्यांच्याच फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या ग्रुपमध्ये, होतो. जे शिकलो ते तुम्हाला फुकट देतो.

आधी स्कोअरकार्ड विसरायला शिका. २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे, आपल्या इंडियन गोल्फ युनियननंही तीच घेतलीय, त्यात शेवटच्या २० राउंडमधल्या सगळ्यात चांगल्या ८ ची सरासरी काढतात. आता समजा कोर्स रेटिंग (मुरलेल्या खेळाडूला लागणारे फटके) ७१.२, स्लोप (कच्च्या खेळाडूला कोर्स किती जड जातो) १२५, पार (कोर्सचे ठरलेले फटके) ७२. तुम्ही ९६ मारले तर ९६ वजा ७१.२, गुणिले ११३ (हा प्रमाण स्लोप), भागिले १२५, आले २२.४. तेच ८८ मारले तर १५.२. सगळी कार्डं पहिल्यासारखी असली तर त्या कोर्सवर, त्याचा स्लोप, रेटिंग आणि पार धरून, हँडिकॅप २४, दुसऱ्यासारखी असली तर १६. आठ स्ट्रोकचा सवाल आहे राव. म्हणून बुधवारी ८८ झाले की कार्ड बॅगेच्या तळाशी, आणि शनिवारी ९६ झाले की गाडीत बसायच्या आत ॲपवर. प्रत्येक स्कोअर टाकायचा असा नियम आहे म्हणे. असू दे.

एका होलवर अकरा-बारा मारू नका, उपयोग नाही. पार अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारे स्ट्रोक, ह्याच्या वरचं हँडिकॅपसाठी धरतच नाहीत. पार फोरवर एक स्ट्रोक मिळत असेल तर सात, पुढचे वाया. म्हणून थोडं थोडं सांडायचं, शेवटच्या तीन-चार होलवर. आमचे गृहस्थ ह्यात उस्ताद. मागे एकदा ८६ कडे चालले होते, सतराव्या ग्रीनवर दोन फुटाचा पट, एका हाताने, पटरच्या पाठीने, बोलता बोलता ढकलला, बॉल होलच्या बाजूनं फूटभर पुढे. परत तसाच. "अरेरे." अठराव्यावर चिप शॉट बंकरमध्ये, तोही असा की कॅडी तोंड फिरवून हसला. आणि हाच माणूस रविवारी त्याच सतराव्यावर चारी बाजूंनी फिरून, उकिडवा बसून, डोळा मिटून लाइन बघतो, आम्ही मागे अर्धा तास ताटकळत, आणि सहा फुटाचा पट घालतो! अहो निदान नाटक तरी नीट करा, समोरच्याला इतकं बावळट समजू नका. कॅडी कानात म्हणाला, "साहेब, आज बक्षीस आहे ना, आज बॉल सरळच जाणार."

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, दुखतेय असं दाखवत कंबर धरून उभे राहा.

हँडिकॅप वाढवायची घाई नको. वर्षभरातल्या सगळ्यात कमी आकड्याच्या तीन वर गेलात की वाढ निम्मी होते आणि पाचाच्या वर जाऊच देत नाही.

काहीजण उलटं करतात, चार फुटाची गिमी (न मारताच पडला असं धरलेला पट) घेऊन सिंगल, म्हणजे एक आकडी, हँडिकॅप मिरवतात. ते बिचारे हरतात तरी.

आणि कमिटीत ओळख ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण आपल्या आकड्यापेक्षा सात स्ट्रोकनी चांगलं खेळलं तर सिस्टीम एक कापते, दहांनी खेळलं तर दोन. पण त्यासाठी टूर्नामेंटचं कार्ड कोणीतरी सिस्टीममध्ये टाकायला हवं ना. आमच्याकडे अजून टाकलेलं नाही. "बघतो", "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे", "जाऊ दे रे, आपलाच माणूस आहे."

आपलाच माणूस म्हणजे काय? अकरा हँडिकॅपचा तो नवीन पोरगा, जो प्रत्येक राउंडचं कार्ड इमानेइतबारे टाकतो, ३९ पॉइंट करून हात हलवत घरी गेला, तो कोणाचा माणूस? कमिटीला स्वतःहून हँडिकॅप कापायचा अधिकार आहे, तो वापरायला हात का थरथरतात? आणि बुधवारी सोबत खेळणारे, सगळं डोळ्यांनी बघून गप्प बसणारे, तुम्हाला लाज नाही वाटत? सगळ्यांचे रेकॉर्ड एकमेकांना बघता यायला पाहिजेत, सिस्टीमच तशी केलीय. मग पुढच्या टूर्नामेंटच्या आधी प्रत्येकाची शेवटची २० कार्डं तारखांसकट बोर्डावर लावा. जमत नसेल तर एंट्री फी घेऊ नका.