मुलीत मुलगा लांबोडा

परवा रविवारी आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. गंगापूर रोडकडच्या एका मळ्यात, आणि नाशिक म्हटल्यावर मेनू काय विचारता, मिसळच. सतरा जण होतो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण दुसऱ्यांदा रस्सा येईपर्यंत बाप्ये सगळे आंब्याखाली आणि आम्ही बायका झोपाळ्यापाशी. पन्नाशीला आलो तरी वर्गातल्या रांगा सुटेनात!

हे सुरू होतं फार लवकर. मॅकोबी आणि जॅकलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायकांचा 1987 सालचा अभ्यास आहे. साडेचार वर्षांची पोरं मुलगे-मुली मिळून खेळण्यापेक्षा आपापल्यात, म्हणजे मुलगे मुलग्यांत, मुली मुलींत, सुमारे 3 पट वेळ खेळत होती. साडेसहाव्या वर्षी तेच 11 पट! मॅकोबींच्या मते मुलग्यांचा खेळ धसमुसळा, शिवाय ते मुलींचं ऐकत नाहीत, म्हणून मुली बाजूला होतात. (लग्न झालेल्यांनी इथे हसून घ्यावं.)

ते मला पटतं. पण पुढचं कुंपण आपणच घालतो, असं माझं मत आहे. शाळेतलाच एक वर्गमित्र कॉलेजात माझा लॅब पार्टनर होता, तो माझा खरा जिवलग. भांडणं, जर्नल, डबा, सगळं एकत्र. लग्नानंतर त्याचा फोन आला की घरात कुणी काही बोलायचं नाही, फक्त टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. दोन वर्षांत फोन बंद झाले. भिशी, हळदीकुंकू, वॉकिंग ग्रुप यांना मात्र कधी कुणाची परवानगी लागली नाही. मैत्रीला वेळ आणि जागा लागते, आणि ती बायकांना बायकांतच मिळते.

बाप्यांची मैत्री उथळ असते, हे मात्र मला मान्य नाही. आमचे अण्णा आणि त्यांचा मित्र तीस वर्षं संध्याकाळी गोदाघाटावर बसले. शेजारी शेजारी, तोंडं पाण्याकडे. बोलणं जेमतेम. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा काका रोज यायचे, खुर्ची खिडकीकडे करून पेपर वाचायचे आणि तासाभराने "येतो रे" म्हणून निघायचे. त्या तासात अण्णा एकदाही कण्हले नाहीत.

तर परवा. लॅब पार्टनरही आला होता. कांद्याची वाटी घ्यायच्या निमित्ताने आमच्याकडे आला, आईच्या गुडघ्याचं विचारलं. मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात आंब्याखालून आरोळी आली, "मुलीत मुलगा लांबोडा!" सगळे हसले, मीसुद्धा. तो वाटी घेऊन परत गेला.