‘उघडं ठेवा, नंतर क्रॉप करा’ म्हणे!

नाशिकच्या आम्हा एक्स-रे टेक्निशियन मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘आता सगळं डिजिटल आहे. कोलिमेटर पूर्ण उघडा ठेवा, नंतर स्क्रीनवर क्रॉप करा. केव्हीपी-एमएएस तेच, म्हणजे डोसही तोच. फिल्ड आवळलं की भाग कापला जातो आणि रिपीट करावा लागतो.’ कोलिमेटर म्हणजे ट्यूबखालची झडप, तिने किरण पडतात ती चौकट, म्हणजे फिल्ड, लहान-मोठी करता येते; केव्हीपी-एमएएस म्हणजे किरणांचा जोर आणि मात्रा.

‘डोस तोच’ हे अर्धंच खरं. एका चौरस सेंटिमीटरवर तेवढाच पडतो, कबूल. पण असे सेंटिमीटर किती? परवा द्राक्षबागेत पडलेले निफाडकडचे एक काका मनगट धरून आले. मनगटाला १५ बाय २० पुरतं, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर. पूर्ण उघडं ठेवलं तर ३५ बाय ४३, म्हणजे १५०५. पाचपट! वरच्या बाराशेत डॉक्टरांना बघायचं काहीच नाही.

क्रॉप म्हणजे नुसती काळी पट्टी. किरण शरीरातून केव्हाच गेलेले असतात. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत.

शिवाय स्कॅटर, म्हणजे शरीरात आपटून इकडेतिकडे विखुरणारे किरण. मनगटात तो फारसा जाणवत नाही. पण जाड पेशंटचा कमरेचा लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेला एक्स-रे, उघड्या फिल्डवर काढून बघा. मणक्यांच्या कडा राखाडी धुक्यात बुडतात. सॉफ्टवेअर कॉन्ट्रास्ट ताणतं खरं, पण बुडालेलं सगळं वर येत नाही. उलट प्लेटचा बराच भाग मोकळा राहून त्यावर थेट किरण पडले, तर सॉफ्टवेअरचाच हिशेब चुकू शकतो.

राहिलं रिपीटचं. इथे मेसेजवाल्यांचं दुखणं खरं आहे, औषध चुकलंय. किरण कुठे पडणार ते कोलिमेटरमधला दिवा आरशावरून पेशंटवर प्रकाशाची चौकट पाडून दाखवतो. मी त्या चौकटीत चारही बाजूंना बोटभर जागा सोडतो. तरी भाग कापला जात असेल, तर कोलिमेटरच्या नॉबवरचा फिल्डचा आकडा एका अंतराचा आणि ट्यूब दुसऱ्याच अंतरावर, असं झालंय का बघा. १०० सेंटिमीटरवरचं २० बाय २० फिल्ड १८० वर ३६ बाय ३६ होतं. उलट दिशेने आलात तर तेवढंच आकसतं.

तेही नसेल, तर दिवा-आरसा तपासा. प्रकाशाच्या प्रत्येक कडेला दोन नाणी ठेवायची, एक आत, एक बाहेर, कडेवर एकमेकांना टेकलेली, आणि एक्स्पोजर द्यायचं. आतली चार दिसावीत, बाहेरची नाही. १०० सेंटिमीटरला दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालतो. आमच्याकडे दिवा बदलल्यावर एका बाजूचं बाहेरचं नाणं अख्खं उमटलं आणि समोरचं आतलं गायब! इंजिनिअरने आरसा सरळ केला, तेव्हा कापाकापी थांबली.