डेटनचे कोलंबाइन, गोव्याचे कॉन्स्टेलेशन

नेत्यांच्या विमानांचा वाद निघाला की आमच्या घरच्या मंडळींत दोन तट पडतात. एकाला गरीब देशाने बोइंग 777 घेणे ही उधळपट्टी वाटते, दुसऱ्याला ती देशाची शान वाटते. या वेळी मामांनी गोव्याच्या नौदल संग्रहालयातील जुनी विमानेही त्यात ओढली आणि भंगारावर पैसा घालू नये असा निकाल दिला. त्याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

मी अमेरिकेत डेटनला राहतो. इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे विमान ‘कोलंबाइन तीन’ उभे आहे. लॉकहीड कंपनीने हे चार पिस्टन इंजिनांचे, कॉन्स्टेलेशन जातीचे विमान नौदलासाठी बांधायला घेतले होते. ते पुरे होण्याआधीच हवाई दलाने राष्ट्राध्यक्षांसाठी बदलून घेतले, आणि नोव्हेंबर 1954 मध्ये त्यांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी शॅम्पेनऐवजी कोलोरॅडोचे पाणी वापरून त्याचे नामकरण केले. आज कोणीही तिकिटाशिवाय त्याच्या आत जाऊन राष्ट्राध्यक्ष कुठे बसत ते पाहू शकतो. ज्या विमानाचा खर्च जनतेने सोसला त्यात अखेरीस जनतेला पाऊल ठेवता यावे, हा मुद्दा आपल्याकडचे दोन्ही तट मांडतच नाहीत.

त्याआधीचे ‘कोलंबाइन दोन’ अमेरिकेने जुन्या मालात विकून टाकले, हे मामा मला ऐकवतील. एका प्रवासी विमानाच्या क्रमांकाशी गोंधळ झाल्यावर ज्याच्यामुळे राष्ट्राध्यक्षांच्या विमानासाठी ‘एअर फोर्स वन’ हा संकेत रूढ झाला, ते हे विमान ॲरिझोनाच्या वाळवंटात कित्येक वर्षे पडून होते. पण 2016 साली ते डागडुजी करून उडवत व्हर्जिनियाला नेले गेले, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच.

गोव्यातले सुपर कॉन्स्टेलेशनही असेच रूप पालटलेले आहे: आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान, मग हवाई दलाचे आणि 1976 पासून नौदलाचे, सागरी टेहळणीसाठी. समुद्राच्या खाऱ्या हवेत ते उघड्यावर उभे आहे. त्याला निदान छप्पर तरी मिळावे.

मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना मी कोलंबाइन अभिमानाने दाखवतो, आणि हा अभिमान दुसऱ्याच्या घरचा आहे हे दर वेळी बोचते. त्या छपरासाठी वर्गणी निघाली तर मी आनंदाने पैसे पाठवीन. देश सोडून गेलेल्याला इथल्या विमानाची काळजी कशाला, असे मामा विचारतील. त्यावर वादात टिकेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. ते विमान मी माझे मानतो, एवढेच मला सांगता येते.