पहिला नंबर विकत मिळत नाही: ‘तीस दिवसांत गूगलवर टॉपला’ या मेसेजला उत्तर

‘तीस दिवसांत तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरला’ या मथळ्याचा मेसेज पुन्हा फिरायला लागला आहे. मजकूर थोडक्यात असा: पानाच्या कोडमध्ये पन्नास कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) भरा. हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) विकत घ्या. एआयकडून रोज वीस लेख लिहून घ्या, प्रत्येक लेख दोन हजार शब्दांचा. थोड्या जाहिराती चालवा, म्हणजे गूगल साइट आपोआप वर आणतं. ट्रॅफिकचं पॅकेज (साइटवरच्या विकतच्या भेटी) घेऊन एंगेजमेंट, म्हणजे साइटवरचा लोकांचा वावर, वाढवा. आणि खाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के गॅरंटी’.

साइट वर आणायच्या कामात मी बारा वर्षं आहे. या सूत्रांमागे पैसे आणि अख्खं वर्ष घालवून बसलेली माणसं माझ्याकडे येतात आणि त्यांचं नुकसान बघून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ती गॅरंटीच. गूगलने साइटमालकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. त्याच ठिकाणी असंही सांगितलं आहे की सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. ज्याच्या हातात रँकिंग, म्हणजे निकालांचा क्रम, आहे तोच हमी देत नाही, तर मधला माणूस कशाच्या जोरावर देतो? पहिला नंबर कोणत्या शब्दांसाठी, हेही त्या मेसेजमध्ये नाही. आपल्याच संस्थेचं पूर्ण नाव टाकून शोधलं तर बहुतेक जण पहिलेच दिसतात. ते दाखवून पैसे घेणारे मी पाहिले आहेत.

पन्नास कीवर्डचा मुद्दा तर जुनाच आहे. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) आपण रँकिंगसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. तो टॅग भरण्यात एक मिनिटही घालवू नका. तोच वेळ पानाच्या शीर्षकावर घालवा, कारण शोधनिकालात माणसाला सगळ्यात आधी दिसते ती शीर्षकाचीच ओळ.

आता बॅकलिंक. इथे जरा थांबते, कारण या दाव्यात अर्धं सत्य आहे आणि माणसं फसतात ती त्या अर्ध्या सत्यामुळेच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल सुरू केलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना हीच होती की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे त्याच्या बाजूने पडलेलं मत, आणि वजनदार पानाचं मत अधिक वजनाचं. ते तत्त्व आजही पूर्ण सुटलेलं नाही. पण मतं विकत मिळायला लागली की मतमोजणी करणारा गप्प बसत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानसाखळीचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीला आणलं. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कितीतरी शोधांत ती साइट वर होती आणि त्यामागे असंबद्ध साइटवर पेरलेल्या विकतच्या लिंक होत्या. गूगलने कारवाई केली आणि साइट त्या शोधांत धाडकन खाली गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, गूगलच्या शोधयंत्रणेत पेंग्विन नावाचा बदल आला आणि असल्या लिंकवर उभ्या असलेल्या असंख्य साइट कोसळल्या. २०१६ नंतर गूगल बऱ्याचदा अशा लिंक मोजतच नाही. म्हणजे दंड बसला नाही तरी पैसे पाण्यात गेलेच. आणि प्रकार ठळक असेल तर साइटवर माणसाकरवी कारवाई होते, ती आजही होते.

हजार लिंकच्या पॅकेजमध्ये नेमकं काय येतं, हे मी उघडून पाहिलेलं आहे. एका साइटच्या लिंकची यादी काढली तर तीनेकशे पानांवर तोच परिच्छेद, शब्दन्‌शब्द तोच, आणि मध्येच त्या साइटची लिंक. त्याच परिच्छेदात जुगाराच्या साइटचीही लिंक होती. अशी पानं कोणी माणूस वाचत नाही, त्यामुळे तिथून एकही वाचक आला नव्हता. पैसे देऊन जाहिरातीची लिंक लावायलाच बंदी आहे असंही नाही. तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी, ही लिंक मत म्हणून धरू नका असं गूगलला सांगणारी, खूण हवी, एवढाच नियम आहे. पण ती खूण केली की रँकिंगसाठी कोणी ती विकत घेत नाही.

रोज वीस लेखांबद्दल. एआय वापरलं म्हणून गूगल शिक्षा करत नाही, ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण मार्च २०२४ मध्ये आलेल्या स्पॅम धोरणात, केवळ रँकिंगसाठी ढिगाने तयार केलेला, वाचकाला काहीच नवं न देणारा मजकूर नियमबाह्य ठरवला आहे. तो माणसाने लिहिला की यंत्राने, याला महत्त्व नाही. दोन हजार शब्दांचा आग्रहही निराधार आहे. किमान शब्दसंख्येची अशी कोणतीही अट गूगलची नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत संपतं त्यावर दोन हजार शब्द लिहिले, तर वाचक तिसऱ्या परिच्छेदाला निघून जातो.

याचंच एक उदाहरण जवळून पाहिलेलं. एका श्रवणतज्ज्ञ बाईंची साइट होती. त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून दोनशेच्या वर लेख टाकले होते, सगळे ‘श्रवणआरोग्याचे महत्त्व’ या चालीचे. आम्ही दोघी सर्च कन्सोल उघडून बसलो. लोक कोणते शब्द टाइप करतात आणि आपलं पान कुठे दिसतं, हे दाखवणारं गूगलचं हे साधन फुकट आहे आणि त्यात सोळा महिन्यांपर्यंतचा तपशील मिळतो. यादीत खाली खाली गेल्यावर एक ओळ दिसली: ‘रात्री कानात शिट्टी वाजते’. त्याखाली ‘कानात सतत आवाज येतो काय करावे’. इम्प्रेशन (निकालात पान दिसण्याच्या वेळा) बरीच, क्लिक जवळजवळ शून्य. बाई म्हणाल्या, “अहो, हे तर माझ्याकडे येणारा प्रत्येक तिसरा पेशंट विचारतो.” त्यांच्या दोनशे लेखांत याचं सरळ उत्तर कुठेच नव्हतं. एका लेखात ‘टिनिटस’ हा कानातल्या अशा आवाजाचा वैद्यकीय शब्द होता, पण शिट्टीचा उल्लेख नव्हता. मग त्यांनी स्वतः एक पान लिहिलं: आवाज कसा येतो, कधी घाबरायचं नाही, कोणत्या लक्षणांना त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सातशे शब्दही नव्हते. जुने बरेचसे लेख काढून टाकले. पुढच्या वर्षभरात साइटवर येणाऱ्यांतले सर्वाधिक लोक त्या एका पानावरून येऊ लागले, आणि फोन करताना “ते शिट्टीचं वाचलं” असं सांगू लागले.

जाहिरातींचा दावा लवकर आटोपता येतो. गूगलला जाहिरातींचे पैसे दिल्याने साधे शोधनिकाल वर जात नाहीत. या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि गूगल हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. जाहिरात उपयोगी नाही असं नाही. नव्या साइटला पहिले वाचक तिच्यातून मिळतात, कोणत्या शब्दांवर माणसं थांबतात तेही कळतं. पण जाहिरात बंद केली की तिचे वाचक बंद, हे धरूनच ती चालवावी.

शेवटचा दावा ट्रॅफिक पॅकेजचा. यावर कोणी जाणकार म्हणेल की क्लिकना किंमत असतेच की. असते. २०२३ साली अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या खटल्यात कंपनीच्या अधिकाऱ्यानेच साक्षीत सांगितलं की शोधनिकालांवरचे क्लिक नॅवबूस्ट नावाच्या यंत्रणेत वापरले जातात. पण ते क्लिक गूगलवर शोधणाऱ्या माणसांचे. पॅकेजमधून येतात ते बहुतेक बॉट (माणसाऐवजी पानं उघडणारे प्रोग्राम), थेट आपल्या पत्त्यावर. त्यांनी फुगतात ते फक्त आपल्या ॲनालिटिक्सचे (साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनाचे) आकडे, आणि ते आकडे रँकिंगसाठी वापरत नसल्याचं गूगलचं म्हणणं आहे. वर नुकसान वेगळंच. सध्याच्या ॲनालिटिक्समध्ये दहा सेकंदांहून जास्त टिकलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती घडलेली भेट ‘एंगेज्ड’ धरली जाते. बॉटने पान बारा सेकंद उघडं ठेवलं की झालं. मग खरा वाचक कुठे अडखळतो, फॉर्म अर्ध्यावर का सोडतो, हे त्या आकड्यांतून शोधताच येत नाही.

मेसेजमध्ये नसलेली, पण माझ्या मते सगळ्यात आधी तपासायची गोष्ट म्हणजे आपली पानं गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी नोंदलेल्या पानांत, आहेत का. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. आठ महिने बॅकलिंकचं पॅकेज चालू होतं, साइट कुठेच दिसत नव्हती. सर्च कन्सोलमध्ये त्यांच्या मुख्य पानाचा पत्ता टाकला. उत्तर आलं: ‘नोइंडेक्स’ टॅगमुळे वगळलेलं. साइट बांधताना, चाचणीच्या काळात कोणी शोधात पाहू नये म्हणून तो टॅग टाकला होता आणि काढायचा राहून गेला. एक ओळ. आठ महिन्यांत पॅकेजवाल्यांपैकी कोणी पानाचा कोड उघडून बघितला नव्हता. आम्ही टॅग काढला, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) दिला, मुख्य पान पुन्हा तपासायची विनंती केली. चौथ्या दिवशी त्यांनी मला स्क्रीनशॉट पाठवला. निकालांच्या पाचव्या पानावर, अगदी खाली, त्यांची साइट होती.