वर्गणीदारांचा मजकूर गूगलला वाचू देण्याविषयी: आपल्या अभिप्रायाला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या मोडी कागदपत्रांच्या डिजिटल संग्रहाला एकच तारा देताना आपण तीन तक्रारी मांडल्या आहेत. खानापूरच्या आपल्या भाच्याला गावाचे नाव शोधताना आमच्या पानातील दोन ओळी गूगलवर दिसल्या, पण पान उघडताच वर्गणी मागितली गेली. आपल्या ओळखीच्या एकाने ब्राउझरची ओळख ‘गूगलबॉट’ (गूगलसाठी पाने वाचणारा प्रोग्रॅम) अशी बदलून तेच पान पैसे न भरता पूर्ण वाचले. आणि केवळ सभासदांनी पाहावेत या अटीवर आपण आमच्याकडे दिलेल्या घरच्या कागदांचे पान आपल्या आडनावानिशी शोधात आले. शेवटच्या दोन तक्रारी पूर्णपणे खऱ्या आहेत आणि त्यांचा दोष आमच्याकडे आहे. पहिलीबाबत मात्र माझे मत काहीसे वेगळे आहे.

मोडी कागदाचे छायाचित्र सर्च इंजिनच्या क्रॉलरला, म्हणजे संकेतस्थळांची पाने आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, वाचता येत नाही. त्याला कळते ते आमच्याकडच्या मोडी जाणकारांनी अक्षर लावून तयार केलेले देवनागरी लिप्यंतर. जुन्या वाटणीपत्राच्या किंवा करारनाम्याच्या पहिल्या काही ओळी म्हणजे मायना, मिती आणि मानाचे शब्द, जे शेकडो कागदांत जवळजवळ सारखेच असतात. शेताचे नाव, हद्दी, पाटील-कुलकर्ण्यांची नावे मध्यावर येतात आणि साक्षीदार अगदी अखेरीस. क्रॉलरला फक्त वरच्या चार ओळी दाखवल्या, तर नंदगडचा किंवा जांबोटीचा माणूस आपल्या पणजोबांचे नाव शोधत बसेल आणि तो कागद आमच्याकडे असूनही त्याला कधी सापडणार नाही. आपला हा बेळगावचा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यानंतरच्या पिढ्या सरकारी कामकाज कानडीत पाहत वाढल्या आणि घरातल्या ट्रंकेतली मोडी वाचणारे हात कमी होत गेले. अशा घरातल्या मुलाला आमचे नावही माहीत नसते. त्याला माहीत असते ते फक्त गावाचे नाव. म्हणून पूर्ण लिप्यंतर क्रॉलरला वाचू द्यायचे, हा निर्णय मी विचारपूर्वक घेतला आहे आणि तो बदलणार नाही.

तरीही आपल्या भाच्याची निराशा रास्त आहे, कारण पुढे वर्गणी लागेल हे त्याला आधी कळायला हवे होते. क्रॉलरला एक आणि माणसाला दुसरेच दाखवणे गूगलच्या नियमांत फसवणूक ठरते. वर्गणीच्या मजकुराला सवलत आहे, पण कोणता भाग मोफत नाही हे पानाच्या आतील संकेतांत नमूद करावे लागते. आमच्या जुन्या पानांवर ही नोंद होती, गेल्या वर्षी चढवलेल्या निपाणी भागाच्या पानांवर ती राहून गेली. ती आता सर्वत्र घातली आहे, आणि पानाच्या शीर्षकातच ‘वर्गणीदारांसाठी’ हे शब्द जोडले आहेत. वर्गणीच्या मजकुरावर गूगलमधून येणाऱ्याला काही लेख मोफत दाखवलेच पाहिजेत, असा गूगलचा ‘फर्स्ट क्लिक फ्री’ नियम होता. तो ऑक्टोबर २०१७ मध्ये मागे घेतला गेला आणि किती मोफत द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे असे झाले. आम्ही काहीच मोफत दिले नाही, हे चुकले. यापुढे कोणालाही महिन्याला तीन कागद पूर्ण वाचता येतील, आणि प्रत्येक कागदाचे गाव, साल, प्रकार व पृष्ठसंख्या सर्वांना खुली राहील.

ओळख बदलून वाचण्याची तक्रार मला अधिक लागली, कारण वर्षाला ९०० रुपये भरणाऱ्या माणसाचा तो सरळ अपमान आहे. आमचा सर्व्हर येणाऱ्याने सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवत होता, आणि ते नाव कोणीही लावू शकतो. आता येणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरील त्याच्या क्रमांकावरून, डोमेनचे नाव काढले जाते, ते गूगलचेच आहे का हे तपासले जाते, आणि त्या नावावरून उलट शोध घेतल्यावर तोच आयपी पत्ता मिळाला तरच पूर्ण मजकूर दिला जातो. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनच्या क्रॉलरसाठीही हीच पद्धत ठेवली आहे. शिवाय सर्च इंजिनांनी पानाची साठवलेली प्रत वाचकांना दाखवू नये, अशी सूचनाही प्रत्येक पानात घातली आहे.

आपल्या घरच्या कागदांबाबत झालेली चूक अज्ञानातून झाली, पण तिचा त्रास आपल्याला झाला, म्हणून मी मनापासून क्षमा मागतो. ते पान ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ फाइलमध्ये आम्ही क्रॉलरला बंद केले होते आणि तेवढ्याने ते शोधातून वगळले जाईल असे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती फाइल क्रॉलरला पान वाचू नको एवढेच सांगते. दुसऱ्या कोणी त्या पानाचा दुवा दिला असेल, तर न वाचताही पत्ता शोधात येऊ शकतो, आणि आपले आडनाव नेमके पत्त्यातच होते. भरीस भर म्हणजे पानात ‘शोधात घेऊ नका’ अशी खूणही होती, पण वाचायलाच बंदी असल्याने क्रॉलरला ती दिसलीच नाही. आता ते पान लॉगिनच्या आत आहे, त्याचा पत्ता बदलून त्यातले आडनाव काढले आहे आणि जुना पत्ता काढून टाकण्याची विनंती गूगलकडे केली आहे. त्या विनंतीचा परिणाम साधारण सहा महिनेच टिकतो. मात्र जुन्या पत्त्यावर आता काहीही नसल्याने तो पुढेही शोधात राहणार नाही. अशाच अटीवर कागद देणाऱ्या इतर घरांची पानेही या आठवड्यात लॉगिनच्या आत नेली आहेत आणि त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करत आहे.

आपली या वर्षाची वर्गणी परत करत आहोत. सभासदत्व सुरूच राहील. आपल्या कागदांची नोंद फक्त गावाच्या नावाने ठेवावी की पूर्णपणे काढावी, एवढे शहापूरच्या कचेरीत येऊन किंवा फोनवर कळवावे. तोवर ते पान सभासदांनाही दिसणार नाही.

आपला,
संचालक, बेळगाव